बारा मिलीमीटरचा खडा

"बाबाले काही सांगू नका! बाबाले काही इचारू नका! बाबा सोता सांगते!"

माइकवरून सागर नावाचा चेला ओरडत होता आणि तिगावच्या रस्त्यालगतच्या संत्र्याच्या बागेत माणसं अशी दाटली होती की मुंगीला वाट मिळाली नसती. पांढुर्ण्याची होती, सौसरची होती, लोधीखेड्याची, रामाकोन्याची होती. नागपूरहून गाडी करून आलेलीही होती. मांडवाच्या मधोमध, गळ्यात नदीतल्या गोट्यांची माळ घालून आणि हातात तेल पाजलेला सोटा घेऊन खडेबाबा बसला होता. माणसाच्या अंगातला खडा हा बाबा नुसत्या हातानं उपसून काढतो अशी त्याची ख्याती, म्हणून तो खडेबाबा. त्याआधी तो काय करत होता हे कुणी विचारलं नव्हतं. देवाची चौकशी करायची आपल्याकडे पद्धत नाही.

"मनोहर! रामाकोना!" बाबानं डोळे मिटून हाक मारली. एक म्हातारा पुढं आला. "उपाशीपोटी साखर दोनशे चौदा! बोल, खरं का खोटं?"

आकडा बिनचूक होता. गर्दीतून "बाप्पा!" असा आवाज उठला, आणि तो विरायच्या आत बाबाचा सोटा म्हाताऱ्याच्या पाठीवर बसला. मग आणखी एक, मग आणखी. बाबाचा मार म्हणजे प्रसाद. साखर म्हणे पाठीतून निघून जाते. म्हाताऱ्याच्या सदऱ्यावर रक्ताची रेघ उमटली आणि त्यानं त्याच बाबापुढं हात जोडले.

गर्दीत बसलेली धनश्री हे बघत होती. ती मूळची सौसरची, नोकरीला नागपुरात. रक्तापासून सोनोग्राफीपर्यंत सगळ्या तपासण्या करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत ती डेटाच्या सुरक्षेचं काम बघायची. सुट्टी काढून ती थोरल्या बहिणीकडे, उर्मिलाकडे पांढुर्ण्याला आली होती. उर्मिलाचा नवरा ऋषिकेश, त्याचं हार्डवेअरचं दुकान. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, म्हणून उर्मिलाच्या सासूनं या दरबारात अर्जी लावली होती. अर्जी आदल्या दिवशी फोनवर लावायची; नाव, गाव आणि मोबाइल नंबर सांगायचा. अंतर्यामी देवाला मोबाइल नंबर कशाला लागतो, हा प्रश्न धनश्रीनं सकाळीच विचारला होता आणि सासूनं तिच्याकडे असं पाहिलं होतं की तिनं पुढचा घास मुकाट्यानं गिळला होता.

"ऋषिकेश! पांढुर्णा!"

ऋषिकेश उठला. बाबानं त्याच्या छातीला सोटा टेकवला.

"त्रेचाळीस वर्साचा हा गडी. याचं बीज... शून्य! ऐकून राहिले न? शून्य!"

शेकडो माणसांसमोर, लाउडस्पीकरवरून. ऋषिकेशचा चेहरा राखेसारखा झाला. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती, तो आणि उर्मिला. गुपचूप तपासणी करून आणलेला तो रिपोर्ट उर्मिलानं स्वतःच्या हातानं चुलीत घातला होता.

सासूनं पदर तोंडाला लावला. "नाही वो बाबा, माह्या पोरात खोट नाही!"

"मी कुठी म्हनलो पोरात खोट हाये?" बाबा गरजला. "त्याचं बीज बांधून ठेवलं हाये! बाहेरच्यानं नाही, घरातल्याच बाईनं! तिच्या उजव्या हातात बंधन हाये!"

एका क्षणात सगळ्यांचे डोळे उर्मिलाकडे वळले. ती काही बोलायच्या आत सासूनं तिचे केस धरले, दोन चेल्यांनी तिला फरफटत मधे आणलं. कुणीतरी तिच्या तोंडावर भस्म फेकलं, कुणीतरी लाथ घातली. बायका टाळ्या वाजवून "खोल! खोल!" असं म्हणू लागल्या. आणि शरमेनं पेटलेल्या ऋषिकेशनं पुढं होऊन बायकोचा उजवा हात पिरगाळला.

"खोल म्हनतो न तुले! सोड माह्यं बीज!"

हाड मोडल्याचा आवाज धनश्रीनं ऐकला. ती गर्दी फाडून धावली, तर कुणाचं तरी कोपर तिच्या तोंडावर बसलं आणि ती मातीत पडली. तोंडात रक्ताची चव आली. वर बाबा शांत आवाजात सांगत होता, "आज बंधन ढिलं झालं. येत्या गुरवारी लाल साखळीनं तोडू. बोला, खडेबाबा की..."

"जय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारी दवाखान्यात उर्मिलाच्या हाताला प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी विचारलं तर तिनं सांगितलं, पडली. वॉर्डाच्या दाराशी ऋषिकेश उभा होता आणि फाटकाबाहेर बाबाचा एक चेला.

"ताई, चाल. आत्ताच्या आत्ता सौसरले जाऊ. आई वाट पाहून राहिली," धनश्री कुजबुजली.

"तिथं काय त्याईचे मानसं नाहीत? सकाळी आमच्या दारावर गोटे पडले, उद्या आईच्या दारावर पडतील." उर्मिला छताकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "धने, मी खरंच काही केलं अशीन का वो?"

"ताई!"

"नाही तं मंग त्याले मालूम कसं पडलं? रिपोर्ट आमी दोघाईनंच पाह्यला. मी कोनालेच नाही सांगतला, ह्याईनंबी नाही सांगतला. त्यानं तं वयही रिपोर्टावरचंच सांगतलं."

"कोणतं वय? भाऊजी तर चौतीसचे आहेत."

"हो न. पन रिपोर्टावर त्रेचाळीस टाकलं होतं, चुकून. आमी दोघं लय हासलो होतो तवा."

धनश्री ताडकन सरळ बसली. ज्याला दिव्यदृष्टी आहे त्याला समोर बसलेल्या माणसाचं खरं वय दिसायला हवं. टाइप करणाऱ्याच्या हातून झालेली चूक देवाला कशी दिसली? चूक देवाची नव्हती. चूक कॉम्प्युटरची होती आणि देवानं ती जशीच्या तशी उतरवून घेतली होती.

"रिपोर्ट कुठला होता, ताई?"

"तुमच्याच कंपनीचा. गावातलं सेंटर, विनोदभाऊचं."

धनश्री उठली. पहिली गाडी पकडून ती नागपूरला परतली.

आता तिच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. कंपनीचा डेटा, म्हणजे लाखो माणसांचं रक्त, लघवी आणि त्यामागची गुपितं, हल्ली ऑफिसच्या कपाटात नसतो. तो क्लाउडवर असतो. नाव क्लाउड असलं तरी ढगात काही नसतं. कुणाच्या तरी प्रचंड यंत्रांमध्ये भाड्यानं घेतलेली ती जागा. तिथं डॉक्टर घरून पोचतो, तंत्रज्ञ मोबाइलवरून पोचतो, सेंटरवाला आपल्या जुनाट कॉम्प्युटरवरून पोचतो. एवढ्या दारांवर लक्ष कोण ठेवणार? म्हणून मधे एक नाका बसवतात. त्याला म्हणतात क्लाउड ॲक्सेस सिक्युरिटी ब्रोकर. नागपूरहून सौसरकडे येताना राज्याच्या सीमेवर गाडी कुणाची, माल काय, चालली कुठं हे बघितल्याशिवाय दांडा वर होत नाही, तसंच हे. माणूस कोण, त्याचं यंत्र कोणतं, फाइलमध्ये रुग्णाचं नाव आणि आजार आहे का, आणि ती कंपनीच्या जागेत चालली आहे की कुणाच्या खासगी खात्यात, हे हा ब्रोकर बघतो. गैर दिसलं तर अडवतो, निदान बोंब तरी ठोकतो. धनश्रीचं काम त्या बोंबा ऐकण्याचं.

पांढुर्ण्याकडून कधी बोंब आलीच नव्हती. कारण छोट्या सेंटरवाल्यांनी आरडाओरड केली होती की या नाक्यानं रिपोर्ट पाठवायला वेळ लागतो, गिऱ्हाईक तुटतं. मग धनश्रीच्या वरिष्ठांनी, रवींद्र साहेबांनी, छोट्या गावांची सेंटरं नाक्याच्या बाहेरच ठेवली. लहान गावात कसली आलीत गुपितं, असं साहेबांचं म्हणणं. लहान गावातच गुपितावरून माणसाचा जीव जातो, हे साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं.

धनश्रीनं पांढुर्ण्याचं सेंटर नाक्याखाली आणलं. संध्याकाळ व्हायच्या आत तिच्या स्क्रीनवर लाल खुणांची रांग लागली. दिवसभराचे सगळे रिपोर्ट, नावागावासकट, एका खासगी ड्राइव्हकडे चालले होते. ड्राइव्ह विनोदचा होता. नाक्यानं सगळे अडवले.

"शाबास," रवींद्र साहेब म्हणाले. "दार बंद झालं. जुने रिपोर्ट विनोदकडून पुसून घे आणि आता तोंडही बंद ठेव. कंपनीचं नाव पेपरात नको."

"सर, माझ्या बहिणीचा हात मोडलाय. गुरुवारी तिला तापलेल्या साखळीनं मारणार आहेत."

"म्हणूनच म्हणतो, प्रश्न संपला."

कंपनीचा प्रश्न संपला होता, उर्मिलाचा नव्हता. दार बंद झालं तरी बाबा देवच राहणार होता, आणि देव एखाद्या गुरुवारी गप्प बसला तरी साखळी तापायची थांबत नाही. शिवाय नाका एवढंच सांगू शकत होता की माल कोणत्या दारातून निघाला. विनोदच्या खात्यातून पुढे तो कुणाच्या हाती पडला हे त्याला दिसत नव्हतं. ते धनश्रीलाच शोधायला लागणार होतं. तिनं साहेबांना हो म्हटलं आणि पुन्हा पांढुर्ण्याची गाडी पकडली.

विनोद तिला बघून पांढराफटक पडला.

"म्याडम, चोरी नाही केली मी, पोराची शपथ! लोकं रिपोर्ट घ्याले येतच नाहीत. संत्र्याची तोडाई चालू हाये, कोन येईन? फोन करते, 'विनोदभाऊ, मोबाइलवर टाकून दे.' एकेकाले टाकता टाकता जीव जाते माहा. म्हून गावागावाचं फोल्डर बनवलं अन् लिंक देऊन देतो. ज्यानं त्यानं आपलं आपलं पाहून घ्यावं."

"लिंक कुणाकुणाला दिलीस?"

"सगळ्याईले."

"प्रत्येकाला वेगळी?"

"नाही, एकच. येगळी काहून बनवू? आपलेच लोकं तं हायेत."

आपलेच लोक! धनश्रीला रडावं की हसावं कळेना. कुलूप लावणं म्हणजे आपल्या माणसांवर संशय घेणं, असं मानणारं हे गाव. पंचक्रोशीतल्या प्रत्येक मोबाइलमध्ये पंचक्रोशीतल्या प्रत्येक देहाचं गुपित पडून होतं. सभ्य माणसं फक्त आपलं नाव बघत आणि फोन खिशात टाकत.

"बाबाच्या सागरला दिली होती?"

"हाव. त्याची कावीळ तपासली होती न."

पुढचं काम तासाभराचं होतं. धनश्रीनं विनोदला समोर बसवून ड्राइव्हवरचा एकूण एक रिपोर्ट काढायला लावला. गावांची फोल्डरं रिकामी झाली. फक्त लोधीखेड्याच्या फोल्डरात तिनं स्वतः तयार केलेला एक खोटा रिपोर्ट ठेवला. नाव गुणवंता, गाव लोधीखेडा, सोनोग्राफी, डाव्या मूत्रपिंडात बारा मिलीमीटरचा खडा.

गुणवंता म्हणजे धनश्रीचा मामा. काही वर्षांपूर्वी बहिणीची, म्हणजे धनश्रीच्या आईची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा मामानं आपलं डावं मूत्रपिंड काढून तिला दिलं होतं. सोयऱ्यांत सगळ्यांना हे ठाऊक होतं. बाबाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"पोरी, माह्या डाव्या कुशीत आता नुसती हवा हाये," मामा हसला. मग त्याचा चेहरा कडक झाला. "उर्मिच्या अंगाले हात लावला त्यानं. अर्जी लावतो. पयला नंबर घेतो. तिची पाळी येऊच देत नाही."

ठरलं ते असं. उर्मिलाला कळवायला वाव नव्हता; तिचा फोन सासूनं काढून घेतला होता.

गुरुवारी बागेत मागच्याहून जास्त गर्दी होती. लाल साखळीची बातमी फिरली होती आणि दुसऱ्याचं भाजलेलं कातडं बघायला माणूस लांबून येतो. शेगडीत साखळी तापत होती. सासू आणि ऋषिकेशच्या मधे, प्लास्टरचा हात पोटाशी धरून उर्मिला बसली होती. धनश्री आणि मामा दुसऱ्या बाजूला पुढं सरकून बसले.

बाबा आला, आणि धनश्रीच्या लक्षात आलं की आज देवाचं काहीतरी बिनसलं आहे. मागच्या पडद्याआडून सागर सारखा मोबाइल चोळत होता. बाबा वळून वळून तिकडे बघत होता. पहिला नंबर मामाचा होता, पण एकामागून एक फोल्डर रिकामं निघाल्यानं सागर बहुधा लोधीखेड्यापर्यंत पोचलाच नव्हता आणि कुठून सुरुवात करावी हेच त्यांना सुचत नव्हतं.

"गुलाब! सौसर!" बाबानं भलतंच नाव पुकारलं. एक बाई उभी राहिली. "तुह्या... तुह्या अंगात पीडा हाये!"

"हाव बाबा. कोनती?"

"कोनती म्हंजे? मोठी हाये!"

"मागच्या बारीले माह्या जावेले तं आकडा सांगतला होता तुमी..."

सोटा बाईच्या खांद्यावर इतक्या जोरात बसला की ती कोलमडली. ज्याच्याकडे आकडा नसतो त्याचा हात जास्त चालतो. बाबानं आणखी दोघांना असंच बडवलं, पण गर्दीतून "बाप्पा" निघेना. उलट कुजबुज सुरू झाली. बाबा कसलेला होता. त्यानं वारं ओळखलं आणि एकदम आरोळी ठोकली.

"देवाची वाट अडली हाये! बांधनारी बाई इथंच बसली, देव बोलन कसा? आना तिले! आधी बंधन!"

धनश्रीनं रिकामी केलेली फोल्डरंच बहिणीच्या जिवावर उठली होती. चेल्यांनी उर्मिलाला उचललं, पालथं पाडलं. एकानं मोडक्या हातावर गुडघा ठेवला. ती ओरडली तसा लोकांनी जयजयकार केला. सागरनं चिमट्यानं साखळी उचलून बाबाच्या फडक्यात गुंडाळलेल्या हातात दिली आणि मामा उठेपर्यंत पहिला फटका पडलासुद्धा.

पदर जळाल्याचा वास आला, आणि त्याच्या मागून दुसरा वास.

"बाबा! मी मरून राहिलो बाबा!" गुणवंतामामानं दोन चेल्यांना छातीनं ढकललं आणि थेट बाबाच्या पायांवर अंग टाकलं, उर्मिला आणि साखळी यांच्या बरोबर मधे. "मले आधी पाहा! माहा पयला नंबर हाये! गुणवंता, लोधीखेडा!"

बाबा त्याला लाथ मारणार होता. तेवढ्यात गावाचं नाव ऐकून मोबाइल उघडलेला सागर धावत आला आणि बाबाच्या कानाला लागला. मघापासून रुसलेला देव बाबाच्या चेहऱ्यावर परत आलेला धनश्रीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. साखळी शेगडीत परत गेली.

"गुणवंता!" बाबानं डोळे मिटले. "पाह्यलं? पयल्याच फटक्यात वाट खुली झाली! तुह्या डाव्या मूत्रपिंडात खडा हाये. बारा मिलीमीटर!"

"बाप्पा!" गर्दी हलली. देवानं मोजपट्टी केव्हापासून वापरायला सुरुवात केली, असं कुणाच्या मनात आलं नाही.

बाबानं कापसाचा बोळा घेतला, मामाच्या डाव्या कुशीवर दाबला, मंत्र पुटपुटत मळला. लाल ओघळ वाहिला. बाबाचं बोट आत शिरल्यासारखं झालं आणि बाहेर आलं ते एक काळा खडा घेऊन. त्यानं तो उंच धरला. माणसं उभी राहिली, काहींनी कपाळ जमिनीला टेकवलं. तेवढ्यात सगळ्यांच्या वर एका बाईचा चकित आवाज आला.

"अवो माय! गुणवंताभाऊले डावी किडनी कुठी हाये? थे तं त्याईनं विहीनबाईले देली न!"

बोलली ती उर्मिलाची सासू. भक्तीत बुडालेली बाई, पण डोळ्यांसमोर एवढं धडधडीत खोटं घडताना तिच्या तोंडून खरं निसटून गेलं. मग तिनंच घाबरून तोंडावर हात ठेवला.

मामा उठला. त्यानं सदरा वर केला, लाल रंग गमछानं पुसला आणि कुशीवरचा लांबलचक जुना व्रण सगळ्यांना फिरून दाखवला. "नागपूरच्या डॉक्टरनं काढलं माह्यं मूत्रपिंड. पेटीच नाही, अन् ह्यानं पेटीतला खडा काढला!"

बाबानं खडा आणखी उंच धरला. "देवानं परत बसवली! चमत्कार! किडनी परत बसवली, मंग खडा काढला! बोला, खडेबाबा की..."

"जय!" निम्मी गर्दी म्हणाली. निम्मी थांबली. तेवढ्या वेळात धनश्रीनं माइक हिसकावला.

"विनोदभाऊनं रिपोर्टाची लिंक कोनाकोनाले पाठवली हाये? मोबाइल काढा! लोधीखेड्याचं फोल्डर उघडा!"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग एकेक हात खिशात गेला. थोड्याच वेळात बागभर मोबाइल उजळले आणि जागोजागून तीच ओळ वाचल्याचा आवाज येऊ लागला. गुणवंता, लोधीखेडा. डावं मूत्रपिंड. बारा मिलीमीटर.

"हा रिपोर्ट खोटा आहे. मी बनवला, या दोन हातांनी," धनश्री म्हणाली. "बाकीचे सगळे मी काढून टाकले, म्हणून आज देवाला कुणाचा आकडा सांगता येईना. तुमची साखर, तुमच्या घरच्या पोरीचे दिवस, माझ्या भाऊजींचं शून्य, सगळं याच लिंकमध्ये होतं. याचा चेला आदल्या दिवशी तुमचं नाव घेतो आणि मोबाइलवर शोधतो. एवढीच याची दिव्यदृष्टी." तिनं वाकून तो बोळा उचलला आणि पिळला. आतून फुटलेली रबराची पिशवी पडली आणि लाल रंग गळला.

सागरनं उचललेला बाबाचा सोटा तिच्या कपाळावर बसला तो त्याच वेळी. ती गुडघ्यावर आली, डोळ्यांत रक्त उतरलं. आणि मग बाजूच्या नाल्यातून पहिला गोटा आला.

पांढुर्ण्याच्या माणसाच्या हाताला गोटा नवा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून दोन गावं खेळ म्हणून एकमेकांवर गोटे फेकतात, तेव्हा तो कसा येतो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पहिला सागरच्या जबड्यावर बसला, दुसरा बाबाच्या गुडघ्यावर, तिसऱ्यानं कपाळ फोडलं. आता वाहिला तो रंग नव्हता. बाबा शेगडीवर कोसळला, निखारे उधळले, तो लोळत बाहेर आला तर वरून लाथा. मघाशी ज्यांनी कपाळ टेकवलं होतं तेच पुढं होते. आणि सगळ्यांच्या पुढं, दोन्ही हातांनी डोक्याएवढा धोंडा उचलून, ऋषिकेश.

"माही इज्जत घेतली ह्यानं! माह्या घराचं वाटोळं केलं!"

"ठेवा थो गोटा खाली."

आवाज मोठा नव्हता. पाठीवरचा पदर जळालेला, एक हात लोंबता, तशी उर्मिला नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"साखळी त्यानं मारली, थे पोलीस पाहीन. पन माहा हात कोनं मोडला? सांगा सगळ्याईले."

"मले काय मालूम होतं? बाबानं सांगतलं..."

"तुमाले सगळं मालूम होतं. रिपोर्ट आपन दोघाईनं पाह्यला होता. मी तुमची लाज झाकली, जाळून टाकला. अन् तुमी सगळ्याईपुढं मले मोडलं."

ऋषिकेशच्या हातातला धोंडा त्याच्याच पायाशी पडला. आजूबाजूचे हात हळूहळू खाली आले.

धनश्रीनं डोळ्यातलं रक्त पुसलं आणि पुन्हा माइक धरला. तिला या माणसांचा भयंकर राग आला होता आणि तो तिनं लपवला नाही.

"मागच्या गुरुवारी यानं सांगितलं म्हणून तुम्ही माझ्या बहिणीला मारलं. आज मी सांगितलं म्हणून याला मारताय. उद्या तिसरा कुणी सांगेल. तुमचं काय बदललं? कुणी कितीही खरी गोष्ट सांगो, त्याला आधी एवढंच विचारा, बाबा रे, हे तुला कळलं कसं? यानं वय चुकीचं सांगितलं, ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. चौतीसच्या माणसाला त्रेचाळीसचा म्हटलं, तेव्हा एकानं जरी विचारलं असतं, तर हिचा हात शाबूत राहिला असता. आणि आपलं गुपित आपलेच लोक म्हणून उघडं टाकू नका. तुमच्यातलेच हे दोघं होते."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्यांच्या हातात अजून गोटे होते त्यांनी ते मागच्या मागं नाल्यात टाकले.

मामानं फोन केला होता, पोलिसांची गाडी बागेत शिरली. फुटक्या डोक्याचा बाबा आणि जबडा धरलेला सागर यांना शिपायांनी उचलून घातलं. उर्मिला धनश्रीचा खांदा धरून गाडीकडे निघाली. सासू रडत मागं आली, ऋषिकेश तिच्या मागून.

"उर्मे, दवाखान्यात चाल. नाही तं घरी चाल. कुठी जाऊन राहिली?" ऋषिकेशनं विचारलं.

"ठाण्यात," उर्मिला म्हणाली. "तुमीबी चाला. तुमचं नाव लिहाचं हाये."